रुसलेला राउटर

वार्षिकासाठी लेखन द्यावे, अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या, दोघांनी प्रवासवर्णने दिली. मी राउटरवर लिहिते आहे असे सांगताच मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे रास्तच आहे. इतिहास हा माझा विषय. पदार्थविज्ञानाशी माझी दहावीनंतर फारकत झाली, आणि त्या फारकतीचे दुःख ना मला झाले, ना पदार्थविज्ञानाला! परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातील एका लहानशा पांढऱ्या डबीने असा काही गोंधळ मांडला, की महिनाभर मला तिच्या पाठीस लागावे लागले. त्या खटाटोपात जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे घर भांडुप पश्चिमेस, टेंभीपाड्याच्या चढावर. खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या : पुढची खोली, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. दादाच्या लग्नाच्या वेळी स्वयंपाकघरावर स्लॅब टाकून माळा चढवला. मधल्या खोलीच्या टोकाला लोखंडी जिना आहे. तो वर जिथे निघतो तेवढीच जागा मोकळी. बाकी सगळा सिमेंट आणि सळयांचा कारभार.

या माळ्यावर बसून वहिनी नोकरी करते. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत कानाला यंत्र लावून दूरदूरच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांचे निवारण करायचे, हे तिचे काम. बाळ तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचे होते. खाली आजी आणि आई त्याला सांभाळत, मधल्या सुट्टीत वहिनी खाली येऊन त्याला पाजून जाई. असे सगळे बेताबेताने बसवलेले होते. आणि नेमके त्याच सुमारास माळ्यावरचे इंटरनेट बोलता बोलता तुटू लागले. समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून देई. महिन्याभरात वहिनीला ऑफिसकडून दोन लेखी सूचना आल्या. तिसरी आली तर घरून काम बंद, रोज ऐरोलीच्या ऑफिसात हजर व्हावे लागेल, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. अंगावर पिणारे बाळ घरी ठेवून खाडीपलीकडे जाणे-येणे वहिनीला शक्य नव्हते, आणि घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, म्हणून नोकरी सोडणेही शक्य नव्हते.

दोष कोणाचा, याबद्दल घरात दुमत नव्हते. माळ्यावरच्या डबीचा दिवा घडीत पांढरा, घडीत लाल होई. तेव्हा ती डबी बाद झाली, नवा संच आणावा, असे बाबांनी ठरवले. निवृत्तीच्या पैशातून ते पैसे काढणार होते. "चार दिवस थांबा, मी बघते," असे मी म्हणाले. त्या चार दिवसांचा महिना झाला.

जाळे म्हणजे काय?

प्रथम ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. एका राउटरच्या लहरी घरभर पोचत नाहीत, म्हणून आजकाल दोन-तीन डब्या घरात ठेवतात. बाहेरून आलेली तार पहिल्या डबीला जोडलेली असते, ती मुख्य. पुढच्या डब्यांना बाहेरची तार नसते. त्या पहिलीकडून बिनतारी निरोप घेतात आणि पुढे देतात. अशा रचनेला मेश, म्हणजे जाळे, आणि त्यातल्या प्रत्येक डबीला नोड म्हणतात. आमच्याकडे मुख्य डबी पुढच्या खोलीत, दुसरी मधल्या खोलीत आणि तिसरी माळ्यावर, अशा तीन होत्या. लेखात त्यांना पुढची, मधली आणि वरची असे म्हणते.

मुंबईहून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, अशी नोंद आहे. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. आम्हा भांडुपकरांना दाखला द्यायचा तर रेल्वेचाच द्यावा! समजा, मुख्य डबी हे एक स्थानक, वरची डबी हे दुसरे आणि मधली डबी हे त्यांमधले. मार्ग एकेरी असेल तर मधल्या स्थानकाला एकाच वेळी अलीकडची गाडी घेता येत नाही आणि पलीकडे गाडी सोडताही येत नाही. ज्या डबीत घेण्याचे आणि पुढे देण्याचे काम एकाच रेडिओवर चालते तिचे असेच होते. प्रत्येक निरोप हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्मा उरतो. काही महागड्या संचांत डब्यांच्या आपापसांतील बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असतो, म्हणजे दुहेरी मार्ग. डब्यांमधल्या या अंतर्गत वाटेला बॅकहॉल असे नाव आहे. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी कथा त्या वाटेचीच आहे.

अशी जाळी केवळ घरातच असतात असे नाही. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याशिवाय वापरास खुला झाला आणि लगेच पुढच्या महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे डोंगरउतारावरच्या संस्था जोडणारे सामुदायिक बिनतारी जाळे सुरू झाले. तिथे अँटेनांना लोंबकळणारी माकडे हीदेखील एक अडचण होती. आमच्या टेकडीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने माकडे आम्हालाही अपरिचित नाहीत. तथापि या प्रकरणात ती निर्दोष आहेत.

लहरींचा स्वभाव

राउटर बोलतो तो रेडिओलहरींतून. त्यांचे दोन पट्टे घरोघरी वापरात आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्यातील लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वीतभराहून कमी. दुसऱ्यातील लहर साडेपाच-सहा सेंटिमीटरची. लांब लहर भिंती, झाडे यांतून तुलनेने बरी निभावते. आखूड लहर जास्त माल वाहते, पण अडथळ्यापुढे लवकर हात टेकते. पवईच्या आय.आय.टी.तील 'ग्राममार्ग' या प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील गावांपर्यंत इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. त्यांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची रिकामी जागाही वापरून पाहिली गेली. तिथली लहर सुमारे ६० सेंटिमीटर लांब, त्यामुळे झाडीतून वाट काढण्यास अधिक समर्थ. या प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

अडथळ्यांचेही प्रकार आहेत. लाकूड, प्लॅस्टिक, पातळ विटांची भिंत यांतून लहर थोडीफार थकून का होईना, पण जाते. धातूवरून ती परत फिरते. म्हणून लोखंडी कपाट, पत्रा आणि आरसा हे तिचे शत्रू. आरशाच्या मागचा मुलामाही धातूचाच असतो. आणि पाणी तिला पिऊन टाकते. पाण्याचे रेणू या लहरींबरोबर वळवळतात आणि तिची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच तत्त्वावर. ती भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, मात्र शेकडो वॅटच्या बळावर. घरचा राउटर एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, तेव्हा त्याने कोणाचे रक्त तापेल अशी भीती नको.

सिग्नलची ताकद डीबीएम या मापात सांगतात आणि ती उणे चिन्हाने येते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलण्याचे काम निर्धास्त चालते, उणे ८० म्हणजे धापा टाकणे. आकडे फसवे आहेत. १० ने घट म्हणजे शक्ती दहावा हिस्सा, २० ने घट म्हणजे शंभरावा. फोनवर हे माप दाखवणारी साधने फुकट मिळतात.

एका वेळी एकच बदल

आता तपासाकडे वळते. मी जो पहिला नियम केला तो असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान एक पूर्ण दिवस वाट पाहायची. घरोघरी नेमके उलटे होते. तार हलवतात, डबी बंद-चालू करतात, जागा बदलतात, सगळे एका दमात. चालू झाले तर कशामुळे ते कळत नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा बिघडते.

पहिला प्रश्न : दोष घराबाहेर की घरात? याची कसोटी सोपी आहे. संगणकाला एक आज्ञा देता येते, तिचे नाव पिंग. तिचा अर्थ हाक मारणे. आपण हाक मारायची, पलीकडून ओ यायची. किती हाकांना ओ आली आणि किती वेळात आली ते संगणक मोजून सांगतो. सकाळी आठ वाजता पुढच्या खोलीत लॅपटॉप तारेने मुख्य डबीला जोडून मी बाहेरच्या एका पत्त्याला १०० हाका मारल्या. शंभरही ओ आल्या. त्याच वेळी वहिनीच्या लॅपटॉपवरून, माळ्यावरून, बाहेर नव्हे तर घरातल्याच मुख्य डबीला १०० हाका मारल्या. त्यांतल्या १४ हरवल्या. म्हणजे बाहेरची लाइन सुरळीत होती. घरातल्या घरात निरोप पोचत नव्हता. इंटरनेट कंपनीशी भांडण्याचा मार्ग इथेच बंद झाला, याचे बाबांना थोडे वाईट वाटले.

दुसरा प्रश्न : वीज पुरेशी मिळते का? राउटरचा अ‍ॅडॅप्टर ही दुर्लक्षित वस्तू आहे. दोन अ‍ॅडॅप्टरांची पिन सारखी असते, पण एकावर १२ व्होल्ट १ अँपिअर आणि दुसऱ्यावर १२ व्होल्ट दीड अँपिअर असे बारीक अक्षरांत छापलेले असते. साफसफाईत त्यांची अदलाबदल झाली की कमी ताकदीच्या अ‍ॅडॅप्टरवर डबी चालू तर होते, पण कामाचा भार वाढला की झोकांडी खाऊन पुन्हा सुरू होते. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा डबीवर लिहिलेल्या आकड्याइतका किंवा अधिक हवा. आमचे आकडे जुळत होते. तरी मी वरच्या आणि मधल्या डबीचे अ‍ॅडॅप्टर आपसांत बदलून एक दिवस पाहिले. काही फरक नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : दोष डबीचा की जागेचा? यासाठी मी मधली डबी माळ्यावर नेली आणि वरची मधल्या खोलीत आणून ठेवली. जर डबीच बाद असेल तर आजार तिच्याबरोबर खाली येईल आणि मधल्या खोलीत सगळे तुटू लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत, जिला आम्ही बाद ठरवले होते ती डबी, निमूटपणे काम करीत होती. आणि माळ्यावर गेलेली चांगली डबी लाल दिवा दाखवीत होती! वर कोणतीही डबी ठेवली तरी ती रुसणार, हे यातून सिद्ध झाले. नवा संच आणला असता तर त्यानेही तेच केले असते.

चौथा प्रश्न : शेजारपाजारची गर्दी? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मोजून तीनच वापरतात, १, ६ आणि ११. आमच्या चाळवजा वस्तीत फोनवर पाहिले तर एका वेळी पंचवीस-तीस राउटरांची नावे दिसतात. एका खोलीत तीस माणसे बोलू लागली की जे होते तेच इथे होते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. भारतात २०१८ साली त्या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला. मात्र तिथेही एक गोम आहे. त्या पट्ट्यातील काही चॅनेल रडारांबरोबर वाटून घेतलेले आहेत, आणि रडारची चाहूल लागताच ते सोडून दुसरीकडे जाण्याची शिस्त अनेक राउटरांत घातलेली असते. हवामान खात्याचे सी-बँड जातीचे डॉप्लर रडार २०२२ साली अंधेरीजवळ वेरावली येथे सुरू झाले. अशी रडारे सामान्यतः ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तेव्हा ज्यांचे ५ गिगाहर्ट्झ अचानक मिनिटभर नाहीसे होते त्यांनी ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल निवडून पाहावा. मी तेही केले. फरक पडला नाही.

वही आणि साक्षीदार

इथपर्यंत चार उपाय झाले, दोन आठवडे गेले आणि वहिनीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. आता इतिहासाच्या तासाला शिकलेली गोष्ट मला आठवली. साधन हाती आले की आधी विचारायचे : हे कोणी लिहिले, कधी लिहिले, तेव्हा तो कुठे होता? मी घरातल्या साक्षी या दृष्टीने पुन्हा तपासल्या.

दादा म्हणत होता, "वर सगळे छान चालते, मी रोज सिनेमा बघतो." दादा सिनेमा पाहतो रात्री दहाला. शिवाय सिनेमा पुढचा काही भाग आधीच साठवून ठेवतो. मधला तुकडा हरवला तर पुन्हा मागवून घेतो, आपल्याला पत्ता लागत नाही. बोलण्याचा आवाज मात्र साधारण २० मिलिसेकंदांच्या बारक्या तुकड्यांनी जातो आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवायला वेळ नसतो. म्हणून सिनेमा उत्तम आणि बोलणे तुटक, हे एकाच डबीवर संभवते. कंपनीचा माणूस येऊन "सब ठीक है" म्हणून गेला तो संध्याकाळी सहाला. वहिनीची तक्रार मात्र सकाळची होती. कोणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने आपापल्या वेळचे खरे सांगितले होते. आजी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "दुपारी बरा चलता मां ता?" पण आजीला राउटरमधले काय कळते, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नव्हते.

मग मी वही घातली. पाच रकाने आखले : वेळ, दिव्याचा रंग, शंभरांतल्या हरवलेल्या हाका, त्या दिवशी केलेला बदल, आणि शेवटचा 'घरात काय चालले आहे'. शेवटचा रकाना मी जवळजवळ गमतीने आखला होता. मिक्सर, कपडे धुणे, पाहुणे, लाइट गेले, पाणी आले, असे काहीही त्यात लिहायचे. आठ दिवसांत चित्र दिसू लागले. सकाळी सात ते दहा सर्वांत वाईट, दुपारनंतर सुधारणा, रात्री उत्तम. आणि एका शुक्रवारी सकाळी आठला, ऐन वाईट वेळी, एकही हाक हरवली नव्हती. त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात आईच्या अक्षरात लिहिले होते : 'जलवाहिनीची दुरुस्ती. पाणी नाही.'

मी जिन्यावरून वर गेले आणि डबीसमोर उभी राहिले. डबी कोपऱ्यातल्या स्टुलावर होती. तिच्या आणि जिन्याच्या तोंडाच्या मध्ये दोनशे लिटरचे निळे पिंप उभे होते.

मुंबईचे बरेचसे पाणी शुद्ध होते ते आमच्याच भांडुप संकुलात. आशियातील मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्याची गणना होते. पण पाणी कुठेही शुद्ध झाले तरी आमच्या नळाला ते पहाटे येते आणि भरून ठेवावे लागते. उन्हाळा लागल्यावर बाळाचे कपडे आणि लंगोट धुण्यासाठी जादा पाणी हवे म्हणून आम्हीच ते पिंप वर चढवले होते, आणि ही गोष्ट सगळे विसरून गेलो होतो. पहाटे ते काठोकाठ भरे. जसजसे कपडे धुतले जात तसतसे रिकामे होई. दुपारी अर्ध्याखाली, रात्री तळाला. स्लॅब आणि सळयांमुळे खालून वर येण्यास लहरींना जिन्याचे तोंड हीच काय ती मोकळी वाट होती. आणि त्या वाटेवर, डबीच्या अगदी पुढ्यात, रोज सकाळी आम्ही अडीच-तीन फूट उंचीची पाण्याची भिंत उभी करीत होतो. ५ गिगाहर्ट्झची लहर काही सेंटिमीटर पाण्यातच जवळजवळ संपते. मधल्या डबीचा हात सुटला की वरची डबी थेट पुढच्या डबीकडे हात पसरी. ती फार दूर, तिथे टिकाव लागेना, म्हणून पुन्हा मधलीकडे वळे. प्रत्येक वळणाला काही क्षण सगळे बंद. हाच तो लाल दिवा, आणि हाच वहिनीच्या ग्राहकाचा "हॅलो, हॅलो".

अंदाज बरोबर वाटला म्हणून तो खरा ठरत नाही. रविवारी आम्ही प्रयोग केला. वरची डबी बंद केली, तिच्या स्टुलावर फोन ठेवला आणि मधल्या डबीचा सिग्नल मोजला. पिंप रिकामे असताना उणे ६३. मग दादा आणि मी बादल्यांनी पिंप भरू लागलो. बाबा वही घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. अर्धे भरले तेव्हा उणे ७२. काठोकाठ भरले तेव्हा उणे ७९. म्हणजे १६ चा फरक, शक्ती चाळिसाव्या हिश्श्यावर! बाबांनी तो आकडा दोनदा अधोरेखित केला. वहिनी बाळाला कडेवर घेऊन पाहत होती. ती इतकेच म्हणाली, "म्हणजे रोज सकाळी मीच नळी लावून माझी लाइन बंद करत होते."

उपाय

उपायाला पैसा लागला नाही. भिंतीला दोन खिळे ठोकून डबी पिंपाच्या अलीकडे, जिन्याच्या तोंडाशी, खांद्याच्या उंचीवर टांगली. सरळ अंतर फार तर चार फुटांनी बदलले. सोमवारी सकाळी पिंप काठोकाठ भरलेले असताना शंभरांतल्या शंभर हाकांना ओ आली.

पुढच्या महिन्यात दादाने आणखी एक गोष्ट केली. पुढच्या खोलीपासून भिंतीच्या कडेने, जिन्यावरून वरपर्यंत पंधरा मीटर तार नेली आणि वरची डबी तारेनेच मुख्य डबीला जोडली. कॅट-५ई जातीची साधी तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग निभावते. तिला पाणी, कपाट, शेजारी, रडार यांपैकी कशाचीच फिकीर नाही. ज्यांना तार नेणे शक्य आहे त्यांनी बॅकहॉलसाठी तीच वापरावी. बिनतारी वाट ही तार नेता येत नाही तिथली सोय आहे.

ज्यांच्या माळ्यावर पिंप नाही त्यांनी काय करावे? क्रम हाच ठेवावा. आधी तारेने मुख्य डबीपाशी तपासून बाहेरचा दोष वगळावा. मग अ‍ॅडॅप्टर पाहावा. डबी हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर तिला कपाटातून बाहेर काढावे. मग दोन डब्यांची अदलाबदल करून दोष डबीबरोबर फिरतो की जागेला चिकटून राहतो ते पाहावे. फिरला तर डबीत दोष. तिचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि सगळ्यात शेवटी रीसेट. रीसेटने सगळी जमवाजमव पुसली जाते, म्हणून ते पहिले पाऊल असू नये. दोष जागेला चिकटला तर दोन डब्यांमधली वाट डोळ्यांनी पाहावी. डबी सिग्नल नाही तिथे ठेवायची नसते. सिग्नल चांगला आहे त्या जागेच्या टोकाशी ठेवायची असते, म्हणजे ती तो पुढे नेईल. आणखी एक फसगत नेहमी आढळते. कंपनीने दिलेली पेटी आणि आपला संच दोघेही पत्ते वाटण्याचे काम करू लागतात. एका वाड्यात दोन कारभारी झाले की निरोप चुकायचेच. दोघांपैकी एकाचे हे काम बंद करावे. आणि कधी दोष डबीचा नसून फोनचा असतो : तो पुढच्या खोलीतल्या डबीशी जोडलेला असतो आणि तुम्ही माळ्यावर गेलात तरी तिलाच धरून बसतो. त्याचे वाय-फाय एकदा बंद करून चालू केले की तो जवळच्या डबीकडे येतो.

सगळे सुरळीत झाले असा दावा मी करणार नाही. रात्री नऊला वस्तीतील सगळी घरे एकदम जागी होतात तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत अजूनही इंटरनेट मंदावते. त्या गर्दीवर माझ्यापाशी उपाय नाही. पण वहिनीला तिसरी सूचना आली नाही. बाळ आता भिंतीला धरून उभे राहते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढू पाहते, त्यामुळे तिथे दादाला लाकडी फळी लावावी लागली आहे. फळी लावण्याआधी बाबांनी मला विचारले, "लाकडातून सिग्नल जातो ना गं?"

वही अजून जिन्यापाशीच खिळ्याला अडकवलेली आहे. परवा शेजारच्या काकू ती मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे संध्याकाळी चार ते सहा इंटरनेट जाते म्हणे. मी त्यांना सांगितले, शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका.